पेट्या सुखरूप पोचल्या

११ एप्रिल
बागेतल्या मुक्कामावरून

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्या ‘अहों’नाही सांगा.

पेट्या सुखरूप पोचल्या हे आधी सांगून टाकते, म्हणजे पत्र हातात धरून तुमचा जीव टांगणीला लागायला नको. सगळ्या नाही, एक फुटली. पण तिच्यातल्याही मधमाश्या बहुतेक वाचल्या. सफरचंदाला यंदा असा बहर आलाय की झाडाखाली उभं राहून बोलायला तोंड उघडलं तर पाकळी आत जाते. बागवाली बाई मोठी बडबडी आहे. तिच्या तोंडात दिवसभरात किती जात असतील कोण जाणे!

फोन का नाही केला म्हणाल. इथे टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, आणि मी टेकडीवर निघाले की तुमचे बंधुराज सोबत येतात. शिवाय तुम्ही फोन उचलल्या उचलल्या ‘त्याला दे’ म्हणता. म्हणून पत्र. ट्रकच्या केबिनमध्ये बसलेय, मांडीवर पेटीचं झाकण आहे, त्यावर कागद. ते पार शेवटच्या रांगेत पेट्या उघडून बघतायत. इकडे पाठ आहे त्यांची.

प्रवासाचं काय सांगू! दरवर्षीसारखे तिन्हीसांजेला निघालो, उजाडायच्या आत बागेत पोचायचं म्हणून. निम्म्या वाटेत मागचं चाक बसलं. जास्तीचं चाक काढलं तर ते आधीच बसलेलं. दोघं त्या दोन चाकांकडे बघत उभे राहिलो, जशी काही ती आम्हाला उत्तर देणार होती. शेवटी तिथेच थांबलो. पंक्चरवाल्याचं दुकान सकाळी उघडलं, आणि उघडून त्याने आधी चहा घेतला, मग दात घासले. त्याच क्रमाने.

पण ताई, खरं सांगू का, ती सकाळ छान गेली. समोर एक बाई मटारच्या शेंगा घेऊन बसली होती. आम्ही रस्त्याच्या कठड्यावर बसून शेंगा सोलून कच्चेच दाणे खाल्ले. कोवळे, गोड. उन्हाला अजून धार नव्हती. शेजारच्या झाडाला नवी तांबूस पानं फुटली होती. हे म्हणाले, “चाक दरवर्षी बसलं तरी चालेल.” कितीतरी दिवसांनी हसले. मग चहाचा ग्लास घ्यायला हात लांब केला आणि सगळा चहा माझ्या पायावर. भाजलं नाही फारसं.

पेट्यांची काळजी मात्र लागली होती. तुम्ही वडिलांच्या हाताखाली मधमाश्यांतच वाढलात, तुम्हाला काय सांगायचं. दारं बंद केलेल्या पेट्या उन्हात एका जागी उभ्या राहिल्या की आतलं मेण मऊ पडतं आणि माश्या गुदमरतात. गाडी चालती ठेवायची, तेवढाच वारा. म्हणून चाक बसवल्यावर यांनी गाडी जरा जोरात घेतली. डोंगराच्या रस्त्यावर एका ठिकाणी दुरुस्ती चालली होती, आणि तिथे आम्ही थोडेसे

ते आले होते. पाणी प्यायला. काय लिहितेस म्हणाले, मी म्हटलं सामानाची यादी. गेले.

थोडेसे घसरलो, असं लिहिणार होते. पण आम्ही घसरलो नाही, ताई. आता लिहायला बसलेच आहे तर नीट लिहिते.

रस्ता अर्धा खोदलेला होता. एकीकडे डोंगर, दुसरीकडे दरी. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. त्यासाठी नारिंगी जाकीट घातलेली एक बाई लाल झेंडा धरून उभी होती, माझ्या बाजूला, रस्त्याच्या कडेला. मला ती लांबूनच दिसली. मला वाटलं आता वेग कमी होईल. मग वाटलं आता होईल. झाला नाही. मी ओरडले, “अहो, बाई!”

ते म्हणाले, “कुठे?”

हा ‘कुठे’ माझ्या कानातून जात नाही. ती काचेच्या कोपऱ्यात होती, ताई. मी हात बाहेर काढला असता तर तिला लागला असता.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. बाईने झेंड्यासकट गटारात उडी मारली. गाडी वाळूच्या पिंपावर जाऊन आदळली आणि थांबली. पिंपाच्या पलीकडे दोन हातांवर दरी. मागे दोर तुटल्याचा आवाज आला आणि वरची एक पेटी रस्त्यावर पडून फुटली. पुढचं तुम्हाला डोळ्यांसमोर आणता येईल. हवेत नुसत्या माश्या. मागच्या गाड्यांच्या काचा खटाखट वर गेल्या आणि आतून हॉर्न सुरू झाले. माश्यांना हॉर्नची काय भीती?

झेंडेवाली गटारातून वर आली. कोपर सोलवटलं होतं, गालावर माशी चावलेली. मला वाटलं आता ही आम्हाला धरून मारते. तर ती यांच्या समोर उभी राहून म्हणाली, “झेंडा एवढा लाल, मी एवढी जाडी, आणि तुम्हाला दिसलेच नाही?”

हे म्हणाले, “ऊन डोळ्यांवर आलं.”

“ऊन तुमच्या पाठीमागे आहे हो.”

 तिने एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गप्प जाऊन दोन्हीकडची रहदारी अडवून धरली, आमचं आवरेपर्यंत.

माश्यांत शिरल्यावर मात्र यांचा हात नेहमीसारखाच स्थिर. फुटक्या पेटीतली पोळी एकेक करून रिकाम्या पेटीत लावली. राणी सापडली, तशा बाकीच्या मागोमाग आत जायला लागल्या. मी धूर देत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. ऊन तापायला लागलं होतं. गाडीवरच्या पेट्यांमधून तो आवाज यायला लागला होता, गुदमरल्यावर येतो तो, चढत जाणारा.

ते झटकन चाकामागे जाऊन बसले. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

“किल्ली दे.”

“खाली उतरा.”

“पेट्या मरतील.”

“मग लवकर उतरा.”

“हा रस्ता तुला जमायचा नाही. वळणं बघितलीस?”

“मी बघितली,” मी म्हटलं. “तुम्ही?”

लग्नानंतर इतकं वाईट मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून येताना त्यांचा हात बॉनेटवर होता, चाचपडत. मी ते पहिल्यांदा नीट बघितलं.

गाडी मी चालवली. तुम्हाला माहितीय, परवाना माझ्याकडे कधीचा आहे, पण पेट्या लादलेली गाडी त्यांनी मला कधी दिली नव्हती. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात सुटत नव्हता. पुढे दरी त्यांच्या बाजूला आली. एका वळणावर मी विचारलं, “तुमच्या बाजूला किती जागा आहे?” त्यांनी खिडकीकडे पूर्ण मान वळवली, मग सांगितलं. पुढच्या वळणावर न विचारताच म्हणाले, “गेल्या हिवाळ्यापासून कडा जातायत. समोरचं दिसतं. अगदी लख्ख दिसतं. बाजूचं नाही.”

मी गिअर बदलला. बोलले असते तर रडू आलं असतं आणि रडत ती वळणं घेता आली नसती.

मग सगळं आठवत गेलं. मी शेजारी येऊन उभी राहिले की दचकायचे, “चोरपावलांनी काय येतेस?” म्हणून चिडायचे. खांदे दाराला आपटायचे. अंधार पडला की कामाशिवाय बाहेर जायचं टाळायचे. मला वाटायचं, माझाच कंटाळा आलाय यांना. वेड्यासारखी त्यांच्यासमोर जास्त वावरायला लागले होते, आणि त्यामुळे त्यांना मी दिसत तरी होते!

बागेत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पेट्यांची दारं उघडली. आधी काहीच बाहेर येईना. आम्ही दोघं पेट्यांना कान लावून उभे. मग एक आली, दाराशी थांबली. मग दुसरी. मग एकदम सगळ्या, सरळ फुलांवर. बागवालीने टाळ्या वाजवल्या आणि लिंबाचं सरबत आणलं. मी झाडाखाली बसकण मारली. इतकं सुंदर होतं सगळं की मला राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांना शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे गाडीत बसवून दार बाहेरून लावलं, इतपत. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण घाई नव्हती तिला. काचबिंदू आहे म्हणाली. डोळ्यांच्या आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडून मरत येते. गेली ती परत येत नाही. उरली ती थेंब घालून राखता येते, रोज, न चुकता, जन्मभर. गाडी चालवणं बंद.

मग तिने विचारलं, “घरात आणखी कोणाला होतं का?”

“नाही,” हे म्हणाले.

मी म्हटलं, “यांच्या वडिलांचे दोन्ही डोळे गेले होते.”

“ते माशी चावल्यामुळे,” हे म्हणाले. तुम्ही सगळे सांगता तीच गोष्ट त्यांनी सांगितली, आप्पांच्या पापणीला माशी चावली आणि हळूहळू नजर गेली. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, “एका पापणीला चावून दोन्ही डोळे असे हळूहळू जात नाहीत. हा आजार घराण्यात चालतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं. तुम्हाला भावंडं?”

हे म्हणाले, “मी एकटाच आहे.”

ताई, मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांना उठवून बाहेर घेऊन आले.

बाहेर बाकावर बसून भांडले मी त्यांच्याशी. लोक बघत होते. ते म्हणाले, “ताईची उमेदीची वर्षं आप्पांचा हात धरून फिरण्यात गेली. येणारी स्थळं ती परत पाठवायची, मी बघितलंय. आता कुठे तिचं तिचं घर झालंय. तिला कळलं तर मिळेल ती गाडी पकडून येईल आणि माझा हात धरेल. मला ते नको. तिला कळवायचं नाही. शपथ घे.”

“आणि तिचे डोळे?”

“तिला काही होत नाही. दणकट आहे ती. उगाच भीती घालू नकोस.” मग माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. त्यांचा आवाज असा झाला होता की मी घेतली शपथ.

तेव्हापासून बोलणं कामापुरतं. सकाळ-संध्याकाळ मान मागे टाकून बसतात, मी थेंब घालते. डोळे मिटून घेतात आणि थेंब गालावर आला तरी पुसू देत नाहीत. पण चुकवत नाहीत. काल स्वतःच म्हणाले, “परतीला त्या डोंगरावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेव.” म्हणजे गाडी मी चालवणार हे धरून चाललेत.

शपथ पाळायचीच असं मी ठरवलं होतं. पण परवापासून झोप नाही. थंडीत तुम्ही आमच्याकडे आला होतात. जाताना बसमध्ये खिडकीशी बसलात. मी खाली उभी होते, खिडकीच्या अगदी खाली, तुमच्या कुशीशी म्हणावं इतकी जवळ, आणि हात हलवत होते. आणि तुम्ही समोरच्या गर्दीत मला शोधत होतात. मी हाक मारली तेव्हा दचकून वळलात आणि म्हणालात, “अगं, इथे आहेस होय!” मी हसले होते, ताई. तेव्हा मी हसले होते.

काही नसेलही. नसू दे. पण उद्याच्या उद्या डोळे दाखवा. ‘कडेची नजर तपासा’ असं शब्द वापरून सांगा, आणि वडिलांचं सांगा. माशीची गोष्ट सांगू नका. इकडे यायला निघू नका. यांचा हात धरायला मी आहे, आणि ते धरू देत नाहीत तरी मी आहे. तुम्ही आलात आणि तपासणी राहून गेली, तर मी तुम्हाला दारात घेणार नाही. हे माझ्या धाकट्या तोंडाला शोभत नाही, ठाऊक आहे.

तपासून झालं की जे काही असेल ते त्यांनाच लिहा, मला नको. मी शपथ मोडल्याचं त्यांना तुमच्याकडूनच कळेल. ते काय बोलतील, किंवा किती दिवस बोलणार नाहीत, ते मी बघून घेईन.

बागवाली आत्ता शहरात चाललीय. पत्र तिच्या हातात देते आहे, वाचून बघत नाही. बघितलं तर फाडीन.

शपथ मोडून, पण तुमचीच,
भावजय