सिंगल चादर

रविवार, जळगाव

आज मनूसाठी चादरी आणल्या. पोरगी परवा शिकायला जर्मनीला जाते. तिकडे सगळंच महाग, म्हणून इथूनच. तिने बजावलं होतं, "पप्पा, तिथली कॉट एकाचीच आहे, सिंगलच आणा."

दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "भाऊ, सिंगल काय नेता? वहिनी बदलून आणायला परत पाठवतील." सुमन उन्हाळ्यात गेली, हे त्याला माहीतच नव्हतं. मी का सांगितलं नाही? मनूच्या दोन बांधून झाल्यावर म्हटलं, अजून एक सिंगल द्या, माझ्यासाठी.

घरी ती आमच्या पलंगावर घालून पाहिली. सुमनची बाजू उघडीच राहिली. घडी करून मनूच्या बॅगेत टाकली आणि जुनी डबल चादर पुन्हा अंथरली.