ग्लोव्हज काहून काढले?

५ ऑगस्ट
पहिल्या वर्षाच्या नर्सिंगच्या पोरींना ग्लोव्हज, मास्क, गाऊन शिकवलं. रक्त कोणाचंही असो, ग्लोव्हज घालायचेच. पोरींनी एका सुरात म्हणून दाखवलं. मी खूश. इतकी वर्षं शिकवतेय, एवढं तर...

७ ऑगस्ट
वॉर्डात घोळ. कुही गावची प्रणाली, वर्गातली सगळ्यात समजूतदार पोर. खापा गावच्या एका आजींची सलाइन काढायची होती, हिने ग्लोव्हज उतरवले. रक्त थेट बोटावर. त्याच बोटाला सकाळी रूमवर भाजी चिरताना विळी लागलेली. हात धुवायला लावला, वर कळवलं, दोघींचं रक्त तपासायला दिलं. मग सगळ्यांसमोर ओरडले, "काहून काढले?"
"आजी म्हणे, मले हात लावाची किळस येते का वं तुले? मले कसंतरीच झालं, मॅडम."
आजींना काय सांगायचं, ते मी शिकवलंच नव्हतं. ओरडायला मात्र पुढे.

८ ऑगस्ट
रिपोर्ट नाही. लॅबला दोनदा फोन, दोनदा बोलणी खाल्ली. प्र. जेवली नाही. घरी सांगितलेलं नाही. "बाबा शिक्षण बंद करतीन."

९ ऑगस्ट
आजींचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नाही, कावीळ नाही, काही नाही! जिन्यातच बसले. प्र. रडली, मी रडले, मग दोघी हसत सुटलो. तिने तर्री-पोह्याच्या दोन प्लेट उडवल्या. सहा आठवड्यांनी तिचं रक्त परत तपासायचं, पण डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. जीव भांड्यात पडला.

११ ऑगस्ट
तोच धडा परत. आजींना विचारून, त्यांच्याच खाटेपाशी. प्र.ने हात धुतले, आधी आजींचा हात हातात घेतला, मग ग्लोव्हज घातले. "आजी, दिवसभर किती जणांले हात लावते मी. त्यांचं दुखणं तुमच्यापर्यंत नाही आलं पाहिजे, माह्यापर्यंतही नाही. म्हणून घालून राहिली."
"मंग तसं सांगाचं ना वं! मी उगाच रुसली."
पोरी हसल्या. हे माझ्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं.

१४ ऑगस्ट
प्र.चे बाबा आले, कुहीहून, घरच्या तांदळाची पिशवी घेऊन. इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच, "मॅडम, या कामात पोरीले धोका तर नाही ना?"
प्र. माझ्याकडे बघत होती. खोटं बोलवेना. "तिलेच विचारा, भाऊ," म्हटलं आणि चहा सांगायला गेले.
परत आले तर ती त्या दिवशीचं, बोटाचं, रिपोर्टचं सगळं सांगत होती, ते मान खाली घालून ऐकत होते. मी कप घेऊन दारातच थांबले.