दगडाला लावलेले कान

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

आले एकदाची! बाबांनी नालवाडीहून स्कूटरवर बसस्टँडला सोडलं, जामला गाडी बदलली, आणि समुद्रपूरच्या फाट्यावर साइटची जीप उभीच होती. आईनं दिलेला चकल्यांचा डबा रस्त्यात अर्धा संपला, कारण ड्रायव्हरलाही भूक लागली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या रांगा, मधेच तूर. लांबून गिरडच्या टेकडीवरचा दर्गा दिसतो. आमची टेकडी त्याच्या अलीकडे, ठेंगणी, नाव नसलेली. तिच्या पोटातून पुढे कालव्याचं पाणी न्यायचं आहे. त्यासाठी मोठा बोगदा खणण्याआधी साडेतीन मीटर रुंदीचा एक छोटा चाचणी बोगदा खणणं चालू आहे. सध्या तो पंच्याण्णव मीटर आत गेला आहे.

माझं काम म्हणजे दगडाची प्रकृती पाहणं. तो किती भार सोसतो, कुठे कुरकुरतो, खणल्यावर भिंती किती जवळ सरकतात. सहा वर्षं प्रयोगशाळेत दगडाचे तुकडे यंत्राखाली दाबून फोडले, जिवंत डोंगर आज पहिल्यांदा मिळाला. पत्र्याची खोली, पलंग, एक खिडकी, खिडकीतून टेकडी. प्रकल्पप्रमुख श्रीनिवास सर स्वतः भेटायला आले. मला 'वल्लरी मॅडम' म्हणाले! मला हसू आलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज हरिदासभाऊंबरोबर पूर्ण बोगदा पाहिला. ते ड्रिलिंगचे जमादार, वय पन्नाशीचं, हातात कायम लोखंडी सळई. चालताना छताला ठोकत जातात. दोन ठोके भराभर, मग थांबून एक. मी विचारलं, तिसरा कशाला? म्हणाले, "दोन त्याले उठवाले, मॅडम, अन् एक इचाराले. ठणठण बोलला त पुढं जाजो. बदबद बोलला त मुकाट्यानं पाय मांगं घेजो."

माझ्या साडेतीनशे पानांच्या प्रबंधात एवढं सोपं काही नाही.

भिंतींत छिद्रं पाडून मी चार संवेदक बसवले. दगडात केसाएवढी चीर गेली तरी तिचा आवाज ते टिपतात. चौघांकडे आवाज किती वेळानं पोचला त्यावरून तो कुठून निघाला तेही काढता येतं. कामगार त्यांना 'मॅडमचे कान' म्हणायला लागले आहेत.

दुपारचा डबा कोकिळावहिनींचा, म्हणजे हरिदासभाऊंच्या बायकोचा. जवारीची भाकर, आलू-वांगे, जवसाची चटणी. त्या कामगारांचं जेवण करतात आणि मला वाढताना माझ्या आईसारख्या रागावतात.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

एकशे आठ मीटरवर छतात तांबड्या मातीचा थर लागला आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकाळी अडकलेली माती, भाजून विटेसारखी झालेली. पाणी लागलं की फुगते. हरिदासभाऊंनी तिथे सळई ठोकली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. आवाज मलाही कळला. बदबद.

आजपासून तिथल्या भिंतींमधलं अंतर रोज सकाळी आठला मोजणार.

सोमवार, २५ नोव्हेंबर

अंतर रोज कमी होत आहे. परवा दीड मिलिमीटर, काल दोन, आज जवळजवळ तीन. ऐकणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही, पण आपला काळा पाषाण एवढा सरकत नाही. मी सरांना लेखी कळवलं की काम थांबवून आधी छताला आधाराची जाळी आणि बोल्ट मारावेत. सरांनी बसवून घेतलं, चहा मागवला. शुक्रवारी समिती येते आहे, तोवर सव्वाशे मीटर दाखवायचे आहेत, आठ दिवस थांबणं परवडणार नाही. माझी मापनफीत नवी आहे, उन्हानं ताणली असेल, एकदा तपासून पाहा, असं म्हणाले. आवाज अगदी वडीलधाऱ्यासारखा.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

फीत तपासली. फितीत दोष नाही.

तरी मी आठवड्याची सरासरी काढली. सरासरीत सगळं गुळगुळीत दिसतं. 'हालचाल मर्यादेत, काम चालू ठेवण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि सही केली. का केली? पहिली नोकरी, तीन आठवडे झालेले, सगळे वाट पाहत होते. हरिदासभाऊंनी विचारलं, "तुमी सही केली का, मॅडम?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग ठीक हाय."

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सकाळी अकरा वीसला छत बसलं. मी संवेदकांच्या यंत्राच्या कंटेनरमध्ये होते. यंत्राचा पडदा एकदम पांढरा झाला, मग पायाखाली धक्का, टेबलावरचा कप खाली. बाहेर धावले तेव्हा बोगद्याच्या तोंडातून तांबडी धूळ येत होती. तांबडी.

हरिदासभाऊ आणि त्यांच्या हाताखालचे आदेश, सुमीत. तिघं आत.

कोकिळावहिनी पोळ्या लाटत होत्या. त्या पिठाच्या हातांनी तशाच आल्या.

शनिवार, ३० नोव्हेंबर

ते जिवंत आहेत! दुपारी दोनला संवेदकांवर ठोके आले. दोन भराभर, थांबून एक. पुन्हा तेच. मी जागा काढली: एकशे एकोणीस मीटर, ढिगाऱ्याच्या पलीकडे. मी ओरडतच बाहेर आले. बचावपथकातले लोक टाळ्या वाजवायला लागले. वहिनी म्हणाल्या, त्याईले म्हना, सळई खाली ठेवा, हात दुखून येतीन. मी त्यांना मिठी मारली. त्यांना माझ्या सहीचं माहीत नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज पुन्हा पडझड झाली. पथकातले दोघे जखमी, हिंगणघाटला नेले. सकाळपासून ठोके बंद.

गुरुवार, ५ डिसेंबर

दोन दिवस एकही ठोका नाही. पाणी नाही, हवा नाही, आठवडा झाला. डॉक्टर आणि पथकाचे प्रमुख सरांशी बोलले. शोध थांबवला. एकशे नऊ मीटरवर जाळी मारून सिमेंटचा फवारा दिला, बोगदा बंद केला. वहिनी तोंडाशी दगडावर बसून होत्या. कुणी उठवायला गेलं नाही.

चौकशी व्हायची आहे. माझा अहवाल सरांच्या कपाटात आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

ठोके आले. सकाळी आठ दहाला. दोन, थांबून एक.

सरांकडे पळत गेले. त्यांनी पडदा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले की डोंगर पडझडीनंतर बसत असतो, त्याचा हा आवाज आहे, हे मला त्यांनी शिकवायला नको. त्या बाईला सांगून तिला काय मिळणार? नोंदवहीत 'आवाज नाही' असं लिहायचं.

लिहिलं.

बाहेर पडले तर वहिनी उभ्या. "मॅडम, आज वाजलं का काई?"

नाही म्हटलं.

सोमवार, ९ डिसेंबर

रोज सकाळी त्या डबा घेऊन येतात आणि तेच विचारतात. मी नाही म्हणते. त्या मान हलवून जातात.

डोंगर बसतो तेव्हा आवाज विस्कळीत येतात, कुठूनही येतात. हे एकाच जागेवरून येतात. फक्त ती जागा अलीकडे सरकली आहे. एकशे पंधरा.

शुक्रवार, १३ डिसेंबर

एकशे बारा. ढिगाऱ्याच्या आत. तिथे माणूस मावेल एवढी पोकळी नाही. आवाजाची लाटही वेगळी झाली आहे. ढिगाऱ्यातून लाट उशिरा, मरगळून येते. ही येते ती स्वच्छ आणि वेगानं, जशी अखंड दगडातून येते.

गणित तीनदा केलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

एकोणीस दिवस. अन्न नाही, पाणी नाही. कोणीही माणूस —

ठोके आता दिवसभर येतात. जेवायला थांबत नाहीत. एकशे चार. म्हणजे बंद केलेल्या भिंतीच्या अलीकडे. जिथे आम्ही चालतो तिथल्या बाजूच्या दगडात.

सरांची वर्ध्याला बदली झाली, काल गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांचा फोन आला, पिपरी मेघेच्या कॉलेजात जागा निघाली आहे, अर्ज कर म्हणाले. मी रडले. का ते त्यांना सांगता आलं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

वहिनींनी आज विचारलंच नाही. डबा ठेवून वळल्या. मीच थांबवलं आणि सगळं सांगितलं. मापं, सरासरी, सही. सहा तारखेपासून ठोके येत आहेत आणि मी रोज खोटं बोलले, हेही. वाटलं मारतील. मारायला हवं होतं.

त्यांनी कंटेनरमध्ये बसून कानाला यंत्र लावलं. दोन, थांबून एक. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "तोच हाय. पंचवीस वर्सं आयकलं म्या, घरातल्या भिताडालेबी असाच ठोकत जाये." मी म्हटलं, इतक्या दिवसांनी जिवंत असणं शक्य नाही. त्या म्हणाल्या, "मले समजते. जित्ता असो का मेला असो, खोला. मले त्याले पाह्यचं हाय. खोटं तुमी बोलल्या, आता खोलानबी तुमीच."

मोतीलालभाऊ, हरिदासभाऊंचे जुने जोडीदार, ड्रिल चालवायला तयार झाले. आधी बंद भिंतीतून एक बारीक छिद्र पाडू, पलीकडे काय आहे ते कळलं की पुढचं. परवा सकाळी. परवानगी कुणाचीच नाही.

शनिवार, २१ डिसेंबर, सकाळी साडेदहा, बोगद्यात

छिद्र नऊ मीटर गेलं. छिद्रातून निघालेला दगडाचा दांडा, कोअर, पेटीवर मांडून बसले आहे. लगेच लिहून ठेवते.

पलीकडे ढिगारा असायला हवा होता. माती, तुकडे, मग पोकळी. कोअर अखंड निघाला. नऊ मीटर काळा पाषाण, एकही चीर नाही. तिथे कधी बोगदा खणलाच नव्हता असा. मोतीलालभाऊ मला दहा वेळा विचारून राह्यले, आपण भलतीकडं त नाई पाडलं? नाही. बरोबर तिथेच.

सहाव्या मीटरला हाताएवढ्या लांबीचा पांढऱ्या स्फटिकांचा पट्टा आहे. दगडातली पोकळी अशीच भरते. त्याला लाखो वर्षं लागतात. इथे तेवीस दिवस. स्फटिकांच्या आत शर्टाचं बटण आहे. ड्रिलनं अर्धं कापलेलं, दोरा तसाच.

मी तो तुकडा मोतीलालभाऊंच्या हातात दिला, म्हटलं, हा वहिनींना द्या आणि माणसं घेऊन या. मीही निघते आहे. यंत्रं गोळा करून लगेच.

ठोके बंद झाले आहेत.

अकरा वाजता

दिवे गेले. हेल्मेटचा दिवा आहे. निघाले. बाहेर ऊन असणार, बोगद्याच्या तोंडाचा उजेड दिसायला हवा होता, वाटेत वळण कुठेच नाही. दिसला नाही. पावलं मोजली. दीडशे व्हायला हवीत. चाळीसला दगड लागला.

पडलेला नाही. धूळ नाही, आवाज झाला नाही. कोरडा, जुना, एकसंध. हात लावला तर कोमट.

मोतीलालभाऊ पुढे होते. दहा मिनिटं आधी निघालेले. पोचले असतील. पोचलेच असतील.

अकरा पंचवीस

परत ड्रिलपाशी यायला निघाले. चाळीस पावलांची बावीस झाली. ड्रिल दिसत नाही.

हातोडीनं भिंत ठोकली. यंत्र कंटेनरमध्ये चालू आहे. वहिनी तिथे बसल्या असतील तर — नऊ ठोके दिले. हरिदासभाऊंचे नव्हेत, माझे आहेत हे कळावं म्हणून नऊ.

कोणाला हे मिळालं तर, सव्वीस तारखेच्या अहवालामागची मूळ मापं माझ्या खोलीत उशीखाली आहेत. सरासरी नव्हे. मूळ. सही माझी. हरिदास, आदेश, सुमीत यांची चूक नाही. कुणीही असं म्हणू नये —

साडेअकरा

अकरा पावलं.

आता उभं राहता येत नाही. बसून लिहिते. पाठ टेकली आहे. दगड सरकताना दिसत नाही, डोळे मिटून उघडले की जवळ असतो. दिवा पिवळा पडला.

आवाज सुरू झाला. सळईचा नाही. कुणीतरी श्वास घेतं तसा. दगडातून येत नाही. संवेदक नाही, काही नाही, कानानंच ऐकते आहे. डाव्या हाताला, इथेच, जिथे एक वीतही जागा उरली —

हाक मारली. म्हटलं, हरिदासभाऊ, मला माफ करा.

श्वास थांबला. ऐकतो आहे.

आता माझ्या हातावर