कमलचा अर्धा पेला

५ मे
कमल शुद्धीवर. मेंदूभोवती रक्त सांडलं होतं. फुटलेली नस डॉ.नी परवा आतून बंद केली. डोळे उघडल्या उघडल्या बाईंचा प्रश्न, "डेअरीवर दूध कोण घेतंय?" गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमन ना! नवऱ्याची चौकशी नाही. बरं वाटलं.

७ मे
पाणी अर्धा पेला पिते, उरलेलं मला. आमच्या गावात, पालीत, पाण्याचा टँकर सुरू झाल्यापासून घरात हीच रीत, उष्टं म्हणून सांडायचं नाही. मीही पिऊन टाकतो. रिकामा पेला बघून सिस्टर खूश.

९ मे
सकाळपासून गप्प. उजव्या हातातून चमचा सुटला. मला वाटलं थकवा. डॉ.नी कानशिलावर यंत्र टेकवून नसांतलं रक्त किती जोरात धावतंय ते पाहिलं, मग नसांत औषध सोडून फोटो काढले. डावीकडची नस आवळलीय. सांडलेल्या रक्तानं असं होतं, उशिरासुद्धा. मी भडकलो, "मग ऑपरेशन कशाला केलं?"
"फुटलेली नस पुन्हा फुटू नये म्हणून. हे वेगळं."
पाणी किती पिते, डॉ.नी विचारलं. खरं ते सांगितलं. "नस त्यानं आवळली नाही. पण आत्ता तिला पाणी कमी पडून चालणार नाही. तिचं पाणी तुम्ही पिऊ नका."
लाज वाटली.

१० मे
मनगटातून बारीक नळी थेट त्या नसेपर्यंत नेऊन औषध सोडलं. बीपी मुद्दाम वाढवून ठेवलंय. मेहुणी सिरसाळ्याहून अळणी भाजी घेऊन हजर. "बीपी वाढवायलेत? येडे झाले का हे?" मीही डॉ.ना हेच विचारलं होतं. तिला मात्र ऐटीत समजावलं, रक्ताची वाट अरुंद झाली, म्हणून जोर जास्त लागतो.
कमल नुसती बघते. मला ओळखते की नाही... फार भीती वाटते.

१२ मे
नस थोडी सैल. पुन्हा आवळू शकते म्हणे. बोलणं अजून नाहीच.
दोन दिवस तोंडानं बंद ठेवलेलं पाणी गिळणं तपासून परत सुरू केलं. भरलेला पेला दिला. अर्ध्यावर थांबली. उजव्याच हातानं, थरथरत, माझ्याकडे सरकवला.
"तुमी घ्या."
रडलोच. मग पेला परत तिच्या ओठांशी नेला. "आज सगळं तुलाच."
रागावून तोंड फिरवलं. उद्या पुन्हा कानशिलावर यंत्र. पेला अजून अर्धाच आहे.