डावीकडे वळताना

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. घाबरलोय तो मी. दर रविवारी आपण फोनवर बोलतो आणि मी तुला काय सांगतो, तर हवा कशी आहे आणि तुझ्या वहिनीचा गुडघा कसा आहे. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेलो असतो तर माझी दातखीळ बसली असती आणि तू चार वेळा हॅलो हॅलो करून फोन ठेवून दिला असतास. म्हणून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय ते समजून घे. त्रेपन्नाव्या वर्षी म्हातारपणावर ढकलायची सोय नाही.

गॅरेजचं शटर भर दुपारी खाली ओढून बसलोय. गिऱ्हाइकांना सांगितलं की रंगकाम चाललंय, धूळ नको. रंगकाम कसलं डोंबलाचं. बाबांच्या त्या पत्र्याच्या स्टुलावर बसलोय, मांडीवर पावतीपुस्तकाची पाठकोरी बाजू, आणि समोर गाडी. आणि ही गाडी कुठली ते तुला सांगायलाच मला आठ महिने लागले.

लाल गाडी परत आली आहे. तीच. दोन सीटची, वर टप नसलेली, लांब नाकाची. सत्तावीस वर्षांपूर्वी तू जिची चाचणी घ्यायला निघालीस आणि खाणीच्या वळणावर जिच्याखाली सुतारकाका आले, ती. त्यानंतर ती कोणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आता एका दातांच्या डॉक्टरांनी ती घेतली आणि पहिल्यासारखी करून द्या म्हणून माझ्याकडेच आणून टाकली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. डाव्या मडगार्डखाली बाबांच्या हातचं वेल्डिंग दिसलं आणि मी गाडी ओळखली. नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या मुलीने गाडीच्या नाकावरून हात फिरवला, अगदी तू फिरवायचीस तसा, आणि मी हो म्हणून बसलो. ती एकवीस वर्षांची आहे. गाडी तीच चालवणार आहे.

इंजिन, ब्रेक, पत्रा, सगळं झालं. राहिले ते हॉर्न. मूळचे दोन्ही कोणीतरी काढून नेलेले, नुसत्या पट्ट्या आणि भोकं शिल्लक. या गाडीचे हॉर्न जाळीतून समोर दिसतात, त्यामुळे प्लास्टिकचं काहीतरी चिकटवून भागणार नव्हतं. आणि हवी जोडी, एक जाड आवाजाचा, एक बारीक. शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. भंगारवाल्यांनी हात वर केले. शेवटी जाड आवाजाचा मिळाला तो एका निवृत्त अग्निशामक जवानाच्या घरी, दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवलेला. त्याच्या बायकोने दारासाठी दुसरं काही जड आणून द्या अशी अट घातली, तेव्हा मी तिला एक मोडका ब्रेक ड्रम रंगवून नेऊन दिला. बारीक आवाजाचा एका नावाड्याने होडीवर बसवला होता. तो काही केल्या सोडेना. त्याला ट्रकचा नवा हॉर्न बसवून दिला तेव्हा कुठे खूश झाला. आता त्या नदीवरच्या माशांची धडगत नाही.

दोन्ही उघडले. एकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, दुसऱ्याचा पडदा गंजलेला. साफ केले, पडदा बदलला, बसवले. आवाज आला, पण जुळला नाही. बारीक हॉर्न किंचित चढा लागतोय. हे काम तुझं होतं. तू डोळे मिटून उभी राहायचीस, मागचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचीस, आणि दोन आवाजांचा एक आवाज व्हायचा. बाबा मला म्हणायचे, तुझ्या हातात जोर आहे पण गॅरेजचे कान धाकटीकडे आहेत, पुढे ते तीच चालवेल. मला तेव्हा राग यायचा. हेही आज सांगून टाकतो.

आता मंगळवारचं सांगतो. सकाळी गाडी बाहेर काढली. काढण्याआधी जागेवर हॉर्न दाबून बघितला, दणदणीत वाजला. फाटकातून डावीकडे वळायला लागलो तर रस्त्यात गल्लीतला पिवळा कुत्रा आडवा पडलेला. मी वळता वळता बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, अंगठ्याला कळ लागेपर्यंत दाबून धरलं. कुत्र्याने कानसुद्धा हलवला नाही. ब्रेक मारला, स्टिअरिंग सरळ केलं, दाबलं. असा काही वाजला की कुत्रं शेपूट घालून शाळेच्या भिंतीपर्यंत पळालं. पुन्हा डावीकडे फिरवलं, पाव फेरा. मुका. सरळ केलं, वाजला. इंजिन चालू, मागे दोन स्कूटरवाले शिव्या घालतायत, आणि मी रस्त्यात आडवा तसाच बसून राहिलो.

ही गाडी तशीच दिली असती तर? शनिवारी ती मुलगी येणार, जागेवर हॉर्न दाबून दाखवला असता, वाजला असता, ती हसून निघून गेली असती. तिच्या घराचा रस्ता खाणीवरूनच जातो. मंगळवारपासून हेच डोक्यात घोळतंय. जेवताना घास तोंडाशी नेतो आणि तिथेच थांबतो. वहिनीने विचारलं, काय झालं, तर मी म्हणालो, मीठ जास्त झालंय.

स्टिअरिंग उघडलं. आत काय असतं ते तुला माहीत आहे, पण मला लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चाक फिरतं, खालची वायर फिरत नाही, म्हणून मधे तांब्याची गोल कडी असते आणि तिला टेकून कार्बनचा एक छोटा तुकडा. चाक कसंही फिरलं तरी तुकडा कडीला टेकलेला राहतो आणि हॉर्न वाजतो. यातली कडी पूर्ण गोल नव्हती. बोटभर फट होती तिला. दुसऱ्या कुठल्या लहान गाडीची कडी कापून, फाकवून बसवलेली, आणि एका टोकाला सोल्डरिंगच्या डागाचा मोठा गोळा. असा गबाळा डाग या गावात एकच माणूस द्यायचा. बाबा त्यावरून माझाच उद्धार करायचे.

मला सगळं आठवलं. तेव्हाही या गाडीचे सुटे भाग मिळत नव्हते. बाबा परगावी गेले होते, गाडीमालकाचा तगादा होता, आणि मला हुशारी दाखवायची होती. कडी पुरेना तेव्हा फट खालच्या बाजूला ठेवली. चाक अर्धा फेरा फिरवल्यावर ती कार्बनच्या समोर येणार, म्हणजे फार तर अंगणात गाडी मागे घेताना, तेव्हा कोण हॉर्न वाजवतो. इथपर्यंत चाललं असतं. पण नंतर चाकाला चामडं चढवायला मी सगळं खोललं आणि परत बसवताना फट कुठे आली ते बघितलं नाही. सरळ चाकावर एकदा दाबलं, वाजलं, झालं. फट आली होती डाव्या पाव फेऱ्यावर. खाणीचं वळण डावीकडचं आहे.

तू त्या दिवशी रडत नव्हतीस. रक्ताने भरलेल्या कपड्यांनिशी उभी होतीस आणि एकच वाक्य बोलत होतीस, मी हॉर्न वाजवला होता. सुतारकाका दवाखान्यात म्हणाले, हॉर्न वाजलाच नाही, वाजला असता तर मी भिंतीला चिकटलो असतो. ते खोटं बोलणारे नव्हेत हे सगळ्यांना माहीत होतं. मग खोटं कोण, तर तू. गाडी ओढून गॅरेजात आणली, चौकशीचा माणूस आला, अर्धी गल्ली गोळा झाली, आणि बाबांनी मला सांगितलं, वाजवून दाखव. मी दाखवला. चाक सरळ होतं. सगळ्या गल्लीला ऐकू गेला. बाबांनी तुझ्याकडे बघितलं आणि तुझ्या हातातून चाव्यांचा जुडगा काढून घेतला. तू त्यानंतर कुठलीही गाडी चालवली नाहीस. आणि काकांच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत, त्यांचा रंधा त्या वर्षापासून भिंतीला टांगलेला आहे.

आता सगळ्यात अवघड. तू विचारशील, दादा, तेव्हा तुला कडी आठवली नव्हती का? मंगळवारपासून मी स्वतःला हेच विचारतोय आणि उत्तराची भीती वाटतेय. आठवली होती. बटणावर अंगठा ठेवला तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. चाक जरा फिरवून बघावं असं वाटलं होतं. मग हॉर्न वाजला आणि मला इतकं हायसं वाटलं की मी चाकाला हात लावला नाही. कोणी फिरव म्हटलंही नाही. नंतर मी स्वतःला समजावलं की फट तर खाली आहे, तिचा काय संबंध, आणि वर्षभरात कडी खरोखरच विसरलो. विसरायला मला काही जड गेलं नाही.

तीन दिवस मी अगदी नालायक विचार केला, तोही सांगतो. लेथवाल्याकडून नवी पूर्ण कडी करून आणली, बसवली, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून शंभर वेळा हॉर्न दाबला. कुठेही मुका होत नाही. डॉक्टरांच्या मुलीचा धोका टळला. जुनी कडी नदीत टाकली की संपलं, बाबा गेलेले, तू दूर, कोणाला कळणार. खिशात घालून नदीवर गेलोही होतो. तिथे नेमका तो नावाडी भेटला, त्याने मला बघून नव्या हॉर्नचा बार उडवला आणि माझी अशी काही घाबरगुंडी उडाली की आल्या पावली घरी परतलो. हस हवं तर.

काल वहिनीला सगळं सांगितलं. तिने कडी हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाली, आधी तिला लिहा, मग काकांकडे जा, आणि पत्र माझ्याकडे द्या, तुम्ही पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन परत याल. ओळखून आहे ती मला. काकांकडे उद्या सकाळी जाणार आहे, कडी घेऊन. अठ्ठ्याहत्तरीला आले, पण दुकानाच्या पायरीवर ताठ बसतात आणि रोज मला डाव्या हाताने नमस्कार करतात. उद्या करतील की नाही माहीत नाही. ज्या गल्लीसमोर हॉर्न वाजवून दाखवला त्याच गल्लीसमोर चाक फिरवूनही दाखवणार आहे, जुनी कडी तेवढ्यापुरती पुन्हा बसवून. लोक गाड्या आणायचं बंद करतील कदाचित. त्याचीही भीती आहे, नाही कशाला म्हणू. पण तुझी जास्त आहे. पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी फोन वाजलाच नाही तर काय.

तरी लिहितोय, कारण दोन वर्षांपूर्वी तू फोनवर एक गोष्ट बोललीस. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. म्हणालीस, दादा, मी नसेनच दाबला हॉर्न, घाबरून मला तसं वाटलं असेल, बाबांचंच बरोबर होतं. मी त्यावर म्हणालो, जाऊ दे ग, जुनं झालं. पंचवीस वर्षं सगळ्या जगाशी भांडून शेवटी तू आमच्यासारखंच स्वतःला खोटं ठरवलंस, आणि मी म्हणालो जाऊ दे. त्यासाठी हे पत्र. मला माफ कर असं लिहायला मी बसलेलो नाही, ते तुझं तू बघ. पण मंगळवारी मी त्याच गाडीत बसून, चाक डावीकडे पाव फेरा फिरवून, अंगठा दुखेपर्यंत बटण दाबून धरलं होतं आणि बाहेर काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा हे तुला माहीत असायला हवं. ठमे, तू हॉर्न दाबला होतास.

तुझाच, तुझ्यावर विश्वास ठेवायला सत्तावीस वर्षं लावलेला,
दादा