न लावलेली कडी

घरच्या सरकारांना,

गोदामवाल्या नवऱ्याचा नमस्कार. मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

लघवीला जळजळ व्हायची म्हणून सोनोग्राफी केली. प्रोस्टेटमध्ये बारीक खडे निघाले. "या वयात पुष्कळांना असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, "इतकी वर्षं फिटच्या गोळ्या खातोय, त्यांनी तर नाही ना झाले?" त्या म्हणाल्या, "संबंध असूही शकेल, पण खात्रीनं नाही सांगता येत. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका."

लगेच डोळे वटारू नकोस, बंद केलेल्या नाहीत. काल गोळी हातात घेऊन जरा वेळ बसलो होतो, एवढंच. मग वाटलं, इथे गोदामावर एकट्याला फिट आली तर बघणार कोण? गिळून टाकली.

आईचा गुडघा कसा आहे? तू वेळेवर जेवतेस ना?

घरी तू मला बाथरूमची कडी लावू देत नाहीस. बाहेरून हाका मारतेस आणि मी ओ दिली नाही की दार ढकलतेस. किती चिडायचो मी! इथेही कडी लावत नाही. दाराबाहेर कुणीच नसतं, तरी अंगावर पाणी घेता घेता मधेच ओ देतो.

तुझाच