डोलाची गोळी

बाबा, आईचा हात कापायचा थांबला. हे आधी सांगते, बाकीचं मागून. काल तिनं पाटीभर कोलंबी सोलली आणि मी नीट सोलत नाही म्हणून दोनदा माझ्यावर खेकसली. ओरडा खाऊन मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

बोटीवरून उतरलास तरी तुला जमीन डोलतेय असं वाटायचं. मी तेव्हा म्हसळ्याला औषधाच्या दुकानात नुकती लागले होते. चक्कर थांबवणारी गोळी मीच आणून दिली आणि घरात तिचं नाव पडलं, डोलाची गोळी. पोरीनं आणलेली म्हणून तू ती वर्षानुवर्षं कौतुकानं घेतलीस. मग तुझा हात कापायला लागला, जाळं विणायची सुई धरवेना, चेहरा हसेनासा झाला. बंदरावर लोक म्हणाले, दारू. एकदा आपण दोघंच असताना मीही म्हणाले, "बाबा, जरा कमी घेत जा." तू जाळं गुंडाळून आत गेलास. शिमग्याखेरीज तू थेंबही घेत नव्हतास, हे मला कळायला हवं होतं.

तू गेलास, आणि या वर्षी आईचा हात तसाच कापताना दिसला. तिला माणगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. औषधं कोणती घेता, तर म्हणे फक्त बीपीची. दुसऱ्या खेपेला त्यांनी चक्कर आल्यावर काय करता असं विचारलं, तेव्हा तिनं बटव्यातून पाकीट काढलं. मी कपाळाला हात लावला.

"आगो, ही काय औषध हाय? ही तं डोलाची गोळी. तुज्या बापाची."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हालचाल सुरळीत राहायला मेंदूत डोपामिन लागतं आणि ते पेशींवरच्या ठरलेल्या जागीच लागू पडतं. त्या जागा म्हणजे रिसेप्टर. ही गोळी नेमक्या त्याच अडवून बसते. म्हणजे धक्क्याला दुसऱ्याची बोट बांधलेली. आपली माल घेऊन आली तरी लावायची कुठे? गोळी बंद केली की बहुतेकांचा हात काही महिन्यांत सावरतो, सगळ्यांचा नाही. ते महिने मी आईच्या कपातला चहा सांडतो का, एवढंच बघत काढले. आता दुकानात म्हातारं माणूस ही गोळी मागायला आलं की मी आधी त्याचे हात बघते.

तुझंही यानंच झालं असावं, पण खात्री देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. काल कोलंबी सोलताना आईला ते सांगितलं. तिनं डोळे पुसले.

"मना ठाव व्हतं, तो पीत नव्हता. मी त्याला कवा बोलले नाय."

"मी पण नाही, आई," मी म्हणाले.

खोटं बोलले, बाबा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आज संध्याकाळी तिला खरं सांगणार आहे, म्हणून आधी तुझ्यासमोर म्हणून पाहिलं.